वळचणीचं पाणी आढ्याला

जावयाला शांतता हवी आहे, ही बातमी सासुरवाडीत फुटली की जो गोंधळ उडतो, त्याला तोड नाही.

२०२३ च्या अधिक श्रावणात मी धोंड्याचं वाण घ्यायला बेळगावला गेलो होतो. अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो आणि त्या एका महिन्यात जावयाला साक्षात विष्णू मानायची आपल्याकडं रीत आहे. उरलेल्या बत्तीस महिन्यांत काय मानतात, ते विचारायचं नसतं. वाणातल्या तेहेतीस अनारशांपैकी चौथा तोंडात असताना मी सहज बोलून गेलो, "पुण्यात नुसते हॉर्न. कुठंतरी शांत जागी दोन दिवस जाऊन यावं म्हणतो."

झालं. अकरा माणसं एकदम बोलायला लागली. मेहुणे म्हणाले, आंबोली. थोरले साडू म्हणाले, आंबोलीत रविवारी पाण्यापेक्षा माणसंच जास्त कोसळतात. कुणी चोर्ला म्हणालं, कुणी भीमगड, कुणी शेजारच्यांच्या वरच्या मजल्याचं नाव सुचवलं, कारण ते लोक सध्या मुलाकडं बंगळूरला होते. एवढ्यात साडूंच्या नववीतल्या लेकीनं फोन माझ्या नाकासमोर धरला. त्यात मंगोलियातलं एक गाव होतं. मागं डोंगर, पुढं नजर पोचेल तिथवर गवताचं मोकळं रान, मध्ये एक घोडा, आणि माणूस औषधालासुद्धा नाही. "काका, तुम्ही इथं जा."

"स्टेप्स!" मी ओरडलो. भूगोलातलं एवढंच माझं शिल्लक आहे. स्टेप्स, प्रेअरी, पंपास, व्हेल्ड, डाउन्स. 'जोड्या लावा'मध्ये हा प्रश्न हमखास असायचा आणि मी हमखास पंपास रशियात नेऊन ठेवायचो. एका मार्कासाठी मी अर्जेंटिनाची गुरं सैबेरियाच्या थंडीत किती वर्षं गारठवली, त्याचा हिशेब नाही.

सासूबाईंनी फोन हातात घेतला, चष्मा वर-खाली करून घोडा न्याहाळला आणि निकाल दिला. "मंगोलिया कशाला ओ? कणकुंबीला जावा की. मागं डोंगर आहे, पुढं माळ आहे. माझा मावसभाऊ आहे तिथं. घोडं तेवढं नाही."

रात्री पुण्याहून आईचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. "मलप्रभेचा उगम तिथंच ना रे? अधिकात उगमाचं तीर्थ मिळणं म्हणजे पुण्य. एक बाटली आण." शांततेसाठी निघालेल्या माणसाला कामगिरी लागली ती अशी.

*

बेळगावच्या बसस्टँडवर मी एका मोठ्या पाटीखाली दहा मिनिटं अदबीनं उभा होतो. पाटी कन्नडमध्ये. माणसं येत होती, वाकत होती, समाधानानं परत जात होती. चौकशीची खिडकी असणार, असं धरून मी रांगेत नंबर लावला. माझा नंबर आला तेव्हा समोर नळ होता. "कुडियुव नीरु," बायको म्हणाली. "प्यायचं पाणी. प्या आता, एवढं थांबलाय तर." तिचा जन्म बेळगावचा, शिक्षण बेळगावचं, भांडायची ढब तर अस्सल बेळगावची. कन्नड पाट्या ती आपल्या वाण्याची यादी वाचावी तशी वाचते. मी मात्र त्या दिवसापासून कन्नडमध्ये एका शब्दाचा धनी झालो. नीरु.

बस भरली ती बायकांनीच. त्याच जूनमध्ये कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला होता. योजनेचं नाव शक्ती. कंडक्टर प्रत्येकीला शून्य रुपयाचं तिकीट फाडून देत होता आणि त्या ते शून्य कमरेच्या पिशवीत असं जपून ठेवत होत्या, की माझ्याकडच्या पाचशेच्या नोटेला लाज वाटावी. माझ्या बायकोनं थाटात आधार कार्ड काढलं. कंडक्टरनं ते पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. कार्डावर पत्ता पुण्याचा.

"पूर्ण तिकीट," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अधिकार नव्हता, सहानुभूती होती.

सगळ्या बसमध्ये पैसे मोजून जाणारी बाई ती एकटी. पुढच्या सीटवरची एक आजी वळून म्हणाली, "बेळगावचीच न्हवं काय गं तू? मग?" बायकोनं नुसता माझ्याकडं अंगठा दाखवला. आजीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. राज्यपुनर्रचना झाली १९५६ साली, पण तिचा फटका कुणाला कुठल्या बसमध्ये आणि किती रुपयांना बसेल, हे सांगता येत नाही.

पिरनवाडी, किणये, जांबोटी. बेळगावातून निघालं की सुरुवातीला सगळं उघडं रान आहे. भात, बटाटा, ऊस, मध्येच माळ. आपण डोंगरात चाललो आहोत असं अजिबात वाटत नाही, कारण आपण चढतच नाही. बेळगाव मुळातच साडेसातशे मीटरच्या घरातलं आणि कणकुंबी फार तर आठशेच्या. ४०-४५ किलोमीटर जाऊन उंची वाढते ती जेमतेम एखाद्या बऱ्यापैकी टेकाडाएवढी. गंमत अशी की पठार चालत-चालत पश्चिमेला जातं आणि एकाएकी संपतं. डोंगर बघायला मान वर करावी लागत नाही, खाली वाकावं लागतं. सगळ्या जगात माणसं डोंगरावर चढतात. बेळगावकर डोंगरावर उतरतो.

जांबोटीच्या पुढं झाडी दाटते. पुढच्या सीटवरच्या आजीनं वाटेवरच्या हब्बनहट्टीच्या मारुतीला बसमधूनच हात जोडले. मारुती नदीच्या पात्रात आहे आणि पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली जातं. "आता पाण्यात बसला असंल बघा बाबा," आजी म्हणाली. लंकेपर्यंत समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाला मलप्रभेत दोन महिने बसून राहावं लागतं, यावरून तिथल्या पावसाची कल्पना यावी.

"कणकुंबी!" कंडक्टर ओरडला.

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पांढरं होतं. नुसतं पांढरं. कुणी खिडकीला ओलं धोतर वाळत घातल्यासारखं.

"गाव कुठं आहे?"

"उतरा की. मग दिसंल."

*

सासूबाईंचे मावसभाऊ, म्हणजे बायकोचे मामा, छत्री घेऊन आले होते. म्हणजे छत्री आली, तिच्याखाली घोंगडं आलं आणि घोंगड्यातून मामांचा आवाज आला, "जावई काय? या. आज पाऊस कमी आहे." तोपर्यंत माझ्या बुटांत पाणी शिरून ते चालताना बोलायला लागले होते.

कणकुंबीच्या पावसाविषयी मामांशी कुणी वाद घालू नये. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. कणकुंबीत त्याच्या तिप्पट-चौपट. पण हा आकडा मामा सांगतात तो खालमानेनं, कारण खानापूर तालुक्यातल्याच आमगावनं २०१० साली १० हजार मिलिमीटरची रेघ ओलांडली. गावागावांत इतर ठिकाणी कबड्डीवरून चुरस असते. इथं ती मिलिमीटरवरून आहे. "आमगाववाल्यांचं मापच मोठं असंल," मामा म्हणाले. एवढं एक वाक्य सोडलं तर त्या दोन दिवसांत त्यांनी कुणाबद्दल वाईट शब्द काढला नाही.

घर दुपाखी, कौलारू, आणि मागच्या पडवीवर पत्रा. आम्हाला पडवीलगतची खोली दिली होती. ज्यांनी पत्र्यावरचा पाऊस ऐकला नाही, त्यांना सांगतो. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतली चार ढोल-पथकं एकाच बोळात अडकली आणि पुढचंही हलेना नि मागचंही, म्हणजे जो आवाज होईल, तो. फरक इतकाच, की पथकं थकतात.

रात्री जेवताना मामांनी काहीतरी विचारलं.

"काय?" मी ओरडलो.

"कशी काय वाटते?"

"काय?"

"शांतता ओ, शांतता!" मामा तोंडाचा भोंगा करून ओरडले.

"छान आहे!" मी ओरडलो.

मामींनी तांदळाची गरम भाकरी, कुळथाची पिठी आणि आमसुलाची कढी केली होती. वर घरच्या काजूची उसळ. यावर टीका करायला जागा नव्हती आणि असती तरी ती कुणाला ऐकू गेली नसती. मध्यरात्री पाऊस थांबला. मी सुस्कारा सोडला. तेवढ्यात बेडकांनी तोंड उघडलं. पावसाला निदान एकच सूर असतो. बेडकांत मतभेद असतात. एक जण ठराव मांडल्यासारखं काहीतरी म्हणायचा, शंभर जण हरकत घ्यायचे, मग शेताच्या पलीकडून एक जाड आवाज सगळ्यांना बसवायचा, आणि अर्ध्या मिनिटानं पहिला पुन्हा उभा. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा मी बारा वर्षं ऐकतो आहे. मला त्यातले अध्यक्ष ओळखू आले.

कपड्यांचं काय सांगू. बनियन चुलीवरच्या मांडवात वाळत टाकलेलं होतं. तिथंच मिरच्या, तिथंच सुकी मासळी, तिथंच मामांची लंगोटी आणि फणसाच्या आठळ्या. सकाळी ते अंगात घातलं तेव्हा ते कोरडं होतं, गरम होतं, आणि त्याला वांग्याच्या भरताचा वास होता. बायको दोन दिवस माझ्या जवळ आली की तिला भूक लागायची.

*

सकाळी आम्ही उगम बघायला निघालो. माझ्या डोक्यात नदीचा उगम म्हणजे कातळातून उसळणारी धार, मागं गूढ गुहा, आणि शक्य असल्यास एखादा ऋषी. मामांनी आम्हाला माउलीच्या देवळाशी नेलं आणि दगडी बांधणीचं कुंड दाखवलं. पाणी कुंडात होतं, कुंडाच्या बाहेर होतं, पायऱ्यांवरून वाहत होतं, भिंतीच्या सांधीतून पाझरत होतं, माझ्या कॉलरमधून पाठीवर उतरत होतं.

"यातला नेमका उगम कुठला?" मी विचारलं.

"आता सगळाच उगम आहे की. नेमका बघायचा तर एप्रिलात या."

मलप्रभा इथून निघते आणि पूर्वेला ३०४ किलोमीटर चालत जाते. खानापूर, सौंदत्ती, पट्टदकल, ऐहोळे, आणि शेवटी कुडलसंगम, जिथं ती कृष्णेला मिळते. म्हणजे बदामीच्या चालुक्यांनी आठव्या शतकात ज्या नदीकाठी एकाहून एक देवळं उभी केली, तीच ही नदी. त्यांतल्या पट्टदकलच्या देवळांना १९८७ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. वारशाची सुरुवात मात्र इथं मामांच्या टमरेलात होत होती. ते पाय धुवत होते.

परतताना मामांनी घराच्या अंगणात उभं राहून छपराकडं बोट केलं आणि मला जे दाखवलं, त्यासाठी मी पुन्हा भिजायला तयार आहे.

"हे आढं बघा. ह्या अंगाचं पाणी त्या बाजूच्या ओढ्याला लागतं. तो कळसा नाला. तो जातो म्हादईला, म्हादई जाते गोव्यात, तिथं तिला मांडवी म्हणतात, मग समुद्र. आणि ह्या अंगाचं पाणी मलप्रभेला. ते कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला."

मामांनी आपल्या घराच्या बाबतीत थोडी सूट घेतली असेल. आढ्यावरचा प्रत्येक थेंब इतका शिस्तीत वागत असेल असं नाही. पण गावाच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. भारताचं आढं इथून जातं. एका पाख्यावरचा थेंब शंभर किलोमीटरच्या आत पणजीला पोचून समुद्रात पाय सोडून बसतो. त्याच्याच शेजारचा थेंब, दोन बोटं इकडं पडला म्हणून, हजार किलोमीटरची नोकरी करायला निघतो. वाटेत त्याला नविलुतीर्थचं धरण लागतं, हुबळी-धारवाडच्या नळांतून जावं लागतं, उरला तर श्रीशैलम, नागार्जुनसागर, आणि मग आंध्रचा किनारा. सख्ख्या भावांतला एक गोव्याला आणि दुसरा सरकारी सेवेत. आमच्या घरातही असंच झालं. मी पूर्वेचा.

आपल्याकडं वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं म्हणतात. म्हणजे न होणारी गोष्ट. कणकुंबीत ही म्हण वापरताना जपून वापरावी, कारण कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र ही तीन राज्यं कित्येक वर्षं नेमक्या याच वाक्यावर भांडत आहेत. कळशाचं पाणी पश्चिमेला जातं ते अडवायचं, आढ्यापलीकडं काढायचं, आणि मलप्रभेत सोडायचं. कळसा-भांडुरा प्रकल्प म्हणतात त्याला. कागदावर तो मोठा आहे. इथं उभं राहिलं की तो मामांचा पन्हळ या बाजूचा त्या बाजूला लावण्याइतका सोपा वाटतो, आणि मामींची त्याला जी हरकत असेल, तीच गोव्याची आहे.

२०१० साली त्यावर लवाद बसला. आठ वर्षं बसला. १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा आला. गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातलं सगळं काही वळवायचं नाही. बरंचसं वीज करून पुन्हा तिथंच सोडायचं. आढं ओलांडायला परवानगी मिळाली ती ३.९ टीएमसीला, आणि त्यातलं कळशाचं १.७२. हे आकडे मी पुण्यात येऊन शोधले असं समजू नका. हे मला मामांनी, दूध घालायला आलेल्या पोरानं आणि देवळातल्या गुरवानं स्वतंत्रपणे, दशांशचिन्हासकट सांगितले. इथली माणसं टीएमसीबद्दल असं बोलतात, जसं आपण पेट्रोलच्या भावाबद्दल बोलतो. मी विचारलं, "टीएमसी म्हणजे केवढं हो?" दूधवाला माझ्याकडं दयेनं बघत म्हणाला, "शंभर कोटी घनफूट." आणि एक लिटर दूध मापून निघून गेला.

हसताना मला मधूनच चोरट्यासारखं होत होतं. कारण हे भांडण इथल्या धुक्यात गमतीचं वाटतं, खाली पूर्वेला तसं नाही. नरगुंद, नवलगुंदच्या काळ्या रानात गेलं की खरा स्टेप्स सुरू होतो. एक झाड दिसलं तर लोक त्याला नावानं ओळखतात. १९८० साली तिथल्या शेतकऱ्यांनी मलप्रभेच्या पाण्याच्या पट्टीवरून उठाव केला, गोळीबार झाला, माणसं गेली. म्हादईसाठीही पुढं हीच माणसं वर्षानुवर्षं मांडवात बसली. त्यांना टॉवेल ओला करायला पाणी नाही आणि मामांना टॉवेल वाळवायला ऊन नाही, आणि दोघं एकाच जिल्ह्यापलीकडचे शेजारी.

"तुमचं मत काय, मामा?" मी विचारलं. "पाणी वळवावं का?"

मामांनी बराच वेळ पावसाकडं बघितलं. "माझा टॉवेल वळवला कुणी नरगुंदला," ते म्हणाले, "तर मी लगेच सही करीन."

*

दुसरा दिवस शनिवार होता आणि धुक्यातून मोटारी यायला लागल्या. बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला जायचा हाच रस्ता. गाड्या थांबत, काच चार बोटं खाली होई आणि आतून कुणीतरी विचारी, "व्ह्यू पॉइंट कुठं आहे?"

मामा ओट्यावरून हात करत. "पुढं."

"तिथून काय दिसतं?"

"आज? आज हेच दिसतं."

सगळे जात. तासाभरानं त्यांतले काही परत येत, तोंडावर हवेत पैसे गुंतवल्याचा भाव घेऊन. एका गटानं आमच्या ओट्यासमोर उभं राहून धुक्याच्या भिंतीपुढं सदतीस फोटो काढले. मी मोजले, माझ्याकडं दुसरं काम नव्हतं. हे फोटो त्यांना स्टुडिओत पांढऱ्या पडद्यापुढं जास्त कोरडे काढता आले असते.

मला त्यांना बारापेडेच्या वटवाघळाबद्दल सांगावंसं वाटलं. या भागातल्या गुहांत एक वटवाघूळ राहतं. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली, आणि त्यानंतर कित्येक दशकं जगाला त्याचा हा एकच पत्ता ठाऊक होता. पुढं ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. मला ते वटवाघूळ फार जवळचं वाटलं. शांतता हवी म्हणून आडबाजूला जाऊन उलटं लटकावं, तर इंग्रज मोजपट्टी घेऊन येतो. पण मोटारवाल्यांनी काच वर केली होती.

दुपारी एक बाई उतरल्या आणि म्हणाल्या, "किती शांत आहे ना तुमच्याकडं! तुम्ही किती नशीबवान!" पत्र्यावर चार पथकं चालूच होती. मामी मला नंतर म्हणाल्या, "येणाऱ्या सगळ्यांना इथं शांत वाटतं बघा. त्यांच्या गाडीच्या काचा चांगल्या असत्यात."

*

निघताना तीर्थाची आठवण झाली. पण बाटली नव्हती. माझी पाण्याची बाटली बसमध्येच राहिली होती. मामींनी फळीवर शोधाशोध केली आणि एक काचेची बाटली आणली. स्वच्छ घासलेली, गरम पाण्यात उकळलेली. एकच अडचण होती. तिच्यावर काजू फेणीचं लेबल होतं, आणि ते निघत नव्हतं. मामा आयुष्यात पीत नाहीत. मोटारवाले रस्त्याकडेला टाकतात त्या बाटल्या मामी गोळा करतात आणि आमसुलाचं आगळ भरून ठेवतात. मी कुंडातून ती भरली, बूच घट्ट लावलं आणि पिशवीत घातली.

बस सुटून थोडी पुढं गेली असेल नसेल, नाक्यावर थांबली. गोव्याकडून येणाऱ्या वाहनांत बाटल्या तपासतात, हे मला ऐकून माहीत होतं. एक हवालदार चढले. दोन-तीन पिशव्या बघितल्या आणि माझ्या पिशवीपाशी थबकले. बाटलीची मान बाहेर आलेली होती.

"इदु एनु?"

मला तेवढं कळलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं कन्नड उपयोगी पडलं. "नीरु," मी म्हणालो.

त्यांनी लेबल वाचलं. मग माझा चेहरा वाचला. बाटली उजेडाला धरली. आत पाण्यासारखं काहीतरी होतं, आणि तीच पंचाईत होती, कारण फेणीही पाण्यासारखीच दिसते. त्यांनी बूच काढून वास घेतला. पुन्हा घेतला. इतक्या आशेनं एखाद्या बाटलीचा वास घेताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. शेवटी ते शुद्ध मराठीत म्हणाले, "पाणीच आहे की ओ."

"माउलीच्या कुंडातलं," बायको म्हणाली. "अधिक महिन्याचं. सासूबाईंना."

हवालदारांनी टोपी काढली. दोन थेंब तळव्यावर घेऊन डोळ्यांना लावले. बूच स्वतः लावून दिलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "कुठं नेताय हे?"

"पुण्याला."

"म्हणजे महाराष्ट्रात?"

"हो."

"मग परवानगी?"

बस क्षणभर चिडीचूप. त्या दोन दिवसांत मी अनुभवलेली खरी शांतता ती तेवढीच. मग मागच्या सीटवरून कुणीतरी फुटलं आणि सगळी बस हसायला लागली. "साहेब, आमच्या १.३३ मधून कापून घ्या," मी म्हणालो. माझ्या मते हा विनोद चांगला होता. पण शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला दुरुस्त केलं. "ते १.३३ म्हादईचं हो. हे पाणी मलप्रभेचं. हे कृष्णेच्या लवादात येतं. खातं वेगळं."

"बरोबर," हवालदार म्हणाले आणि उतरून गेले.

*

पुण्यात आईनं तीर्थ घरभर शिंपडलं, आम्हा सगळ्यांना चमचा-चमचा दिलं, शेजारी वाटलं आणि उरलेलं गॅलरीतल्या तुळशीला घातलं. कुंडी आधीच तुडुंब होती. पाणी बुडाच्या भोकातून निघालं, गॅलरीच्या पन्हळातून खाली गटारात गेलं. तिथं उभा असताना मला बसमधले शेजारचे गृहस्थ आठवले आणि मी मनात खातं तपासायला घेतलं. हे गटार मुठेला जातं. मुठा मुळेला भेटून भीमेला मिळते. भीमा उजनीतून पंढरपुरावरून खाली रायचूरकडं कृष्णेला मिळते. कणकुंबीहून उचललेलं पाणी मी बसनं चारशे किलोमीटर उत्तरेला आणलं, एक राज्य ओलांडलं, पुन्हा त्याच कृष्णेत सोडलं. लवादाला माझ्याविरुद्ध एक ओळ लिहिता येणार नाही. फक्त थेंबांना वाटेत पंढरपूर जास्तीचं घडलं.

हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं नीट बघून पाणी पोचवता, तर माझं आधार कार्ड पण एकदा बेळगावला पोचवा."

बाटली आईनं टाकली नाही. तीर्थाची बाटली टाकायची नसते. तिनं ती देवघरात, बाळकृष्णाच्या उजव्या हाताला ठेवली आहे. लेबल अजून निघालेलं नाही. पाहुणे नमस्काराला वाकतात, डोळे मिटतात, उघडतात, आणि मग बराच वेळ माझ्याकडं बघतात.